हिरवा खण

चक्कर खेळायला अक्कल लागत नाही. चालवायला मात्र कंबर लागते. जुगाराचं चाक ते, शिसवी लाकडाचं धूड, मोठ्या परातीपेक्षा रुंद, मधोमध पितळेची मूठ आणि कडेनं खणच खण. उचलायला दोन माणसं लागायची, एक माझा नवरा आणि दुसरी मी. आज माझी पाठ पाहून लोकांना वाटतं, धानाची रोवणी करून करून म्हातारी वाकली. अर्धी पाठ त्या चाकानं वाकवली आहे. पण ते सांगायला गेलं की सगळीच गोष्ट सांगावी लागते, आणि त्याचा मला कंटाळा आहे. आज सांगून टाकते, मग कोणी विचारू नका.

नवरा गोंदियाला रेल्वेच्या साहेब लोकांच्या क्लबात चाकरीला होता. समोर मी त्याला 'तुमी' म्हणायची, सांगताना 'तो' म्हणते. एवढं फिरवलं त्यानं मला, एवढी सूट चालून जाईल. तिथं तो टेबलं पुसायचा, पेले भरायचा आणि शनिवारी संध्याकाळी साहेबांसाठी चाक फिरवायचा.

खेळ असा. चाकाला सदतीस खण. छत्तीसांवर आकडे, त्यातले अर्धे लाल, अर्धे काळे. उरला एक, त्यावर शून्य आणि रंग हिरवा. चाक एका बाजूला फिरवायचं, गोळी कडेकडेनं उलट्या बाजूला सोडायची. गोळीचा जोर ओसरला की ती खाली उतरते, दोनचार खणांवर टकटक आपटते आणि एकात जाऊन बसते. समोर मेणकापड अंथरलेलं असतं, त्यावर तेच आकडे, तेच रंग. ज्यानं नेमक्या आकड्यावर पैसा ठेवला त्याला एकावर पस्तीस मिळतात. ज्यानं नुसता रंग धरला त्याला एकास एक. आमच्याकडच्या लोकांना आकड्यांशी घेणंदेणं नव्हतं. लाल की काळं, एवढंच ते बघायचे, बाजारात बैल बघतात तसे.

क्लबातला एक म्हातारा साहेब पेला रिकामा झाला की बोलका व्हायचा, आणि जवळ दुसरं कोणी नसलं की माझ्या नवऱ्याशीच बोलायचा. त्यानं सांगितलं की हे चाक मुळात फ्रान्स देशातलं. तिथं कोणी एक विद्वान कधीच न थांबणारं चाक करायला निघाला होता. चाक थांबलं, पण जुगाऱ्यांना खेळ मिळाला. खरंखोटं देव जाणे. मी हे ऐकलं तेव्हा म्हटलं, न थांबणारं चाक पाहायचं होतं तर त्या बाप्यानं माझ्या घरी यायचं होतं.

पुढची गोष्ट नवऱ्याच्या डोक्यात फार बसली होती. पूर्वी म्हणे चाकावर दोन शून्यं असायची. एका जुगारखान्याच्या मालकानं त्यातलं एक काढून टाकलं. गिऱ्हाइकांना वाटलं हा मालक दिलदार, आणि तिथं रीघ लागली. पुढं त्याच माणसानं समुद्रकाठच्या एका एवढ्याशा संस्थानात असा जुगारखाना चालवला की राजाचासुद्धा खर्च त्यावर निघायला लागला. अमेरिकेत मात्र दोन्ही शून्यं तशीच राहिली. ही गोष्ट नवरा जेवताना सांगायचा, आणि मला काय करायचं आहे त्या राजाचं, म्हणून मी भात वाढत राहायची.

लढाईच्या दिवसांत क्लबात नवं चाक आलं. जुनं अडगळीत पडलं होतं, ते बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं नवऱ्याला देऊन टाकलं. लोक सांगतात, नोकरी सुटली. सुटली नाही, यानं सोडली. म्हणाला, साहेबांसाठी किती दिवस फिरवू, आता आपल्यासाठी फिरवतो. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दंडार नाचते, मिठाईची दुकानं लागतात, पाहुणे येतात, पोरापोरींच्या सोयरिकी तिथंच जमतात. तिथं चाक लावायचं. मंडया सरल्या की आठवडी बाजार, मग जत्रा, आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, मजुरी. असं यानं सगळं ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. विचारतो कोण!

आमची मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. पहिल्याच हिवाळ्यात भाड्याच्या बैलगाडीखाली झोपून झोपून तिच्या छातीत कफ भरला आणि लेकरू जातं की राहतं असं झालं. माझा भाऊ देवरीला असायचा, घरची धानाची शेती होती. तो येऊन तिला घेऊन गेला. वहिनीचा स्वभाव चांगला, हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढं तिचा दोष काढायची सोय नाही. तिची स्वतःची तीन होती, त्यांत ही चौथी. ती एवढंच म्हणाली की एका जागी चूल मांडा आणि मग लेकराला न्या, तोवर नेऊ नका. बरोबरच म्हणाली. तेव्हापासून माझं एकच मागणं राहिलं. एक जागा, एक चूल आणि टुरी माझ्याजवळ. टुरी म्हणजे पोरगी, आम्ही तसंच म्हणतो.

आता त्या हिरव्या खणाची गोष्ट.

पहिल्या मंडईत चाक लावायला गेलो तेव्हा गावकरी भोवती जमले. चाक सरळ बसणं महत्त्वाचं असतं. जरा कललं की गोळी एकाच बाजूला पडते आणि मग मार खायची वेळ येते. मंडई भरायची कापणी झालेल्या बांध्यांत, ती जमीन कसली सपाट! म्हणून नवरा चाकाच्या जागी आधी पाण्यानं भरलेलं ताट ठेवायचा आणि पाणी चारी काठांना सारखं लागेस्तोवर खाली चिपाट्या सारत बसायचा. पाणी आणायचं काम माझं. लोक ते ताट पाहूनच खूश झाले. माणूस नीट दिसतो म्हणाले. पण गावातला एक जाणता म्हातारा वाकून चाकाकडं बघत राहिला. त्याच्या शब्दावाचून मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, जागा देणार नव्हता.

"लाल समजलं, काळं समजलं," तो म्हणाला. "हे हिरवं कोणाचं व्हय गा?"

हिरवं मालकाचं असतं. गोळी हिरव्यात पडली की लाल हरतं, काळंही हरतं, आणि मेणकापडावरचं सगळं मालक ओढून घेतो. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक होतं. पण इतक्या लोकांपुढं, गावच्या वेशीवरची देवी, माता माय, समोर दिसत असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं की हिरवं मातेचं.

म्हातारा खूश झाला. मालगुजारानं जागा दिली. लाल फडकं बांधलेलं एक मडकं चाकाजवळ आलं. हिरवं पडलं की कापडावरचे सगळे पैसे त्या मडक्यात जायचे आणि मंडई उठली की गावकऱ्यांच्या हाती. त्यातून मातेच्या दिव्याला तेल झालं, ओट्यावर कवेलूंचं छप्पर चढलं. पुढच्या गावीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक गावाची आपापली माता, प्रत्येक गावाचं आपापलं मडकं. लोक त्याला मातेचा चक्कर म्हणायला लागले. जुगार खेळताना माणसाचं तोंड जसं चोरटं होतं तसं आमच्याकडं होत नसे. बायका नवऱ्याला स्वतः पाठवायच्या. हिरवं पडलं की हरलेला माणूस शिव्या द्यायच्या ऐवजी हात जोडायचा. असलं कुठल्या साहेबानं पाहिलं असेल?

गर्दी अशी की कधी कधी मला नवरा दिसायचा नाही. आणि आमच्या पदरी काय? काही नाही. एका मंडईत जरा बरं जायचं, दुसरीत ते निघून जायचं. मला वाटायचं, हा कुठं तरी लबाडी करतो, बाटलीत घालतो, नाही तर कोणाला देतो. मी पाळत ठेवली. माणूस चहासुद्धा पीत नव्हता. पाच हिवाळे असे गेले. मी देवरीला जायची ती वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुमाराला, आणि दरवर्षी वहिनीला सांगायची की पुढच्या वर्षी नेते. वहिनी मान हलवायची. पोरगी तिच्या पदराआडून माझ्याकडं बघायची, तेव्हा मी म्हणायची, लाजते.

सहाव्या हिवाळ्यात एका मंडईत, मी चुलीवर भात शिजवत असताना, त्याला नीटच विचारलं. एवढे लोक खेळतात, मग आपल्या हाती काही का लागत नाही? त्यानं लपवलं नाही, तो लपवणारा नव्हताच. त्यानं सांगितलं, आज लाल जास्त पडतं, उद्या काळं. जिंकणाऱ्याला द्यायचं ते हरणाऱ्याचंच असतं. शेवटी बरोबरी होते. मालकाचं पोट त्या एका हिरव्या खणावर असतं. तो खण आहे म्हणून क्लब चालत होता, तो खण आहे म्हणून त्या राजाचा खर्च निघत होता.

मी हातातली पळी खाली ठेवली.

"आन् तो खण तुमी कायले देऊन बसले?"

"जागा कोण देत होतं मंग?" तो म्हणाला. "त्या मालकानं एक शून्य सोडलं तं त्याच्याकडं रीघ लागली. मी दुसरं सोडलं."

"त्याच्याजवळ एक राह्यलं होतं."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. म्हणाला, "आता दिलं ते दिलं."

त्या चार शब्दांचा मला जेवढा राग आला तेवढा जन्मात कशाचा आला नाही. माझी मुलगी दुसरीच्या कुशीत झोपत होती आणि हा माणूस जे आमच्या चुलीचं होतं ते गावोगाव वाटत फिरत होता, तेही जाणूनबुजून. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचं ताट भरून दिलं, कारण चाक तर लावायचंच होतं.

मग मीच डोकं चालवलं. महाशिवरात्रीला आमच्या भागातल्या प्रतापगडावर यात्रा भरते. गड, महादेव, दर्गा, सगळीकडून माणसं येतात. आम्ही तिथं कधी चाक नेलं नव्हतं. मी म्हटलं, प्रतापगडाला कोणत्याच गावाची माता नाही. तुम्ही जे कबूल केलं ते त्या त्या गावच्या वेशीवर केलं. महादेवाला काही कबूल केलं नाही, पिराला केलं नाही. तिथं हिरवं आपलं. यात्रा चांगली गेली तर देवरीतच एखादी झोपडी घेऊ आणि टुरीला आणू. नवरा बराच वेळ चाकाची मूठ पुसत बसला. मग म्हणाला की ठीक आहे. देवरीकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ मी भावाला निरोपच पाठवला, शिवरात्र झाली की टुरीला घ्यायला येते. इतकी मला खात्री वाटली.

प्रतापगडाला गर्दी मायंदळ. पायथ्याशी जागा मिळाली, ताट ठेवलं, चिपाट्या सारल्या, चाक बसलं. मडकं नव्हतं. मडक्याच्या जागी मी बसले होते. लोकांनी चाक लगेच ओळखलं, कारण ते सगळे आमच्या मंडयांच्याच गावांचे होते. मातेचा चक्कर आला, मातेचा चक्कर आला, असं बोलत बोलत माणूस जमला. लाल, काळं, लाल. मेणकापड भरून गेलं, कोपरासुद्धा दिसेना. मी पदराच्या आत हात जोडून बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, मी मातेलाच म्हणत होते की आता एकदा हिरवं पाड.

पडलं. गोळी दोनदा आपटली आणि शून्यात जाऊन बसली.

लोकांनी सवयीनं हात जोडले. नवऱ्यानं कापडावरचे सगळे पैसे ओढले आणि माझ्याकडं सरकवले. समोर एक म्हातारा शेतकरी उभा होता, कुठल्या मंडईतला होता आठवत नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मडकं कुठं आहे ते शोधलं, आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"हे कोण्या गावच्या मातेले जाऊन राहिलं गा?"

महादेवाचं आहे म्हणाला असता तरी चाललं असतं. दर्ग्याचं म्हणाला असता तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी म्हाताऱ्यानं समजून घेऊन पुढचा पैसा ठेवला असता. मी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. चाक अजून मंद फिरत होतं.

"मातेले नाही, बाबा," तो म्हणाला. "हे मी ठेवून राहिलो. माही टुरी घरी आणाची हाय."

म्हातारा रागावला नाही. हरलेलं परत मागितलं नाही. "बरं," म्हणाला, धोतराला हात पुसले आणि गेला. त्याच्यामागं त्याच्याबरोबरचे गेले. मग बाकीच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. थोड्या वेळात आमच्यापुढं मोकळी जागा झाली आणि शेजारी मुरमुरे विकणाऱ्याकडं गर्दी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. यात्रेत तोंडोतोंडी गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. जे मिळालं होतं ते गाडीभाड्यात आणि जागेच्या भाड्यात गेलं.

मी त्याला विचारलं, महादेवाचं म्हणाले असते तर काय जीभ झडली असती? त्यानं गडाकडं हात केला.

"महादेव पलीकडंच बसला हाय," तो म्हणाला.

माझ्यात भांडायचीही ताकद उरली नव्हती. इतकी वर्षं ओझं उचललं त्याचा थकवा त्या एका वाक्यानं एकदम अंगात आला. मी माझं गाठोडं बांधलं. देवरीकडच्या काही बाया यात्रेहून परतत होत्या, त्यांच्या बैलगाडीत चढले. चाक आता एकट्यानं उचला, एवढं त्याला सांगितलं.

रस्ताभर मी एकच ठरवत होते. झोपडी नाही तर नाही, चूल नाही तर नाही, टुरीला उचलायची आणि भावाच्याच गावात कोणाच्या तरी पडवीत राहायचं. माझं लेकरू माझं आहे, त्याला कोणाची परवानगी कशाला? नवऱ्याला नाही जमलं दिलेलं परत घ्यायला. मला जमेल.

भावाच्या अंगणात चारही पोरं खेळत होती. माझी टुरी मोठी झाली होती, पुढचे दोन दात पडले होते. गाडी पाहून पोरं धावत आली. भावाच्या पोरांची मी आत्या, ती ओरडली, आत्या आली. त्यांच्यात माझीही होती, आणि तीही तेच ओरडली. मग ती आत पळाली आणि "माय वो, आत्या आली," असं सांगून वहिनीला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

वहिनीला निरोप मिळाला होता, तिनं लेकराचं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं, नवा झगा शिवला होता. ती टुरीला पुढं करून सांगायला लागली की अगं वेडे, ही आत्या नाही, ही तुही माय हाय, मी मामी. टुरी एकदा तिच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. तिला कोणी तरी थट्टा करतंय असं वाटलं आणि ती हसली. वहिनी पुन्हा सांगायला लागली तशी तिचं हसू गेलं. तिनं वहिनीचं लुगडं दोन्ही मुठींनी धरलं आणि ओठ काढला.

मी ओढली असती तर ती आली असती. रडत आली असती, पण आली असती. भाऊ काही म्हणाला नसता. सगळ्यांनी मान्यच केलं होतं.

"राहू दे, वहिनी," मी म्हटलं.

मी तिथंच राहिले. गोठ्यालगतची खोली भावानं दिली. उन्हाळा गेला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले, रोवणी लागली. मी बांधीत उतरायची, टुरी बांधावर भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, आत्या, जेव. मी जेवायची. मनातल्या मनात नवऱ्याशी जे भांडण चाललं होतं ते केव्हा बंद पडलं, मला कळलं नाही.

रोवणी अर्धी झाली असेल तेव्हा तो आला. पायी, चिखलानं भरलेला, खांद्यावर एक फडकं. मी रस्त्याकडं पाहिलं, मागून गाडी येते का, चाक येतं का. काही येत नव्हतं. तो ओसरीच्या कडेला टेकला. चाकाचं काय झालं ते मी विचारलं. पहिली मंडई जिथं केली होती त्या गावी तो गेला होता. वेशीवरच्या मातेसमोर चाक ठेवलं आणि निघाला.

"एक खण तिचाच होता," तो म्हणाला. "बाकीचे छत्तीस घेऊन काय करू? तेही देऊन आलो."

तेवढ्यात टुरी पाण्याचा गडवा घेऊन आली. पाहुण्याला देतात तसा तिनं तो त्याच्यापुढं ठेवला, आणि मला विचारलं, "आत्या, हे कोण व्हय?" तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. आतून वहिनीनं हाक मारली तशी "आली, माय," म्हणत ती पळाली.

नवरा पाणी प्यायचा राहिला. तो दाराकडं बघत होता, मग माझ्याकडं बघायला लागला.

"मीही देऊन बसले," मी म्हटलं. "पाणी प्या."